कपाटाची किल्ली कुणाकडे? सांगलीतल्या एका कॉलेजच्या मित्रकक्षाचं परीक्षण

कॉलेजचं नाव देत नाही. नाव दिलं की चर्चा कॉलेजवर होते आणि कक्ष बाजूला राहतो. शिवाय तिथे बसणारी पोरं वीस-बावीसची आहेत, त्यांची ओळख पटायला नको. मित्रकक्ष म्हणजे मनावर ओझं असलेल्या विद्यार्थ्यानं येऊन बोलायची खोली. ऐकणारेही विद्यार्थीच, प्रशिक्षण घेतलेले, त्यांना 'सोबती' म्हणतात. कक्ष दोन वर्षं चालू आहे. आम्ही चार वेळा जाऊन आलो, प्रशिक्षणाचा एक दिवस मागे बसून पाहिला, कोरे फॉर्म वाचले, सोबत्यांशी आणि समुपदेशक मॅडमशी बोललो. कुणाचीही नोंद उघडली नाही. मागितली असती तर उघडून दिली असती, आणि खरं गाऱ्हाणं तिथूनच सुरू होतं. पण आधी खोली.

ग्रंथालयाच्या जिन्यानं वर गेलं की उजव्या हाताला. जागा निवडणाऱ्याला दाद द्यायला हवी, कारण जिना चढणारा पोरगा पुस्तक बदलायला चाललाय की बोलायला, हे खाली उभ्या असलेल्यांना कळत नाही. बऱ्याच कॉलेजांत समुपदेशनाची खोली परीक्षा विभागाला खेटून असते. एटीकेटीचे, म्हणजे राहिलेल्या विषयांचे फॉर्म भरणाऱ्या रांगेदेखत आत शिरायला मग कुणी धजत नाही. इथे तो प्रश्न सुटला, पण वर जायला रॅम्प नाही की लिफ्ट नाही. कुबडी किंवा व्हीलचेअर वापरणाऱ्यासाठी 'खाली निरोप द्या, सोबती खाली येईल' अशी चिठ्ठी डकवली आहे. खाली येऊन तो बसणार कुठे, ते चिठ्ठीत नाही.

आत दोन खुर्च्या, मध्ये टेबल नाही, खुर्च्या समोरासमोर न ठेवता जरा तिरक्या. त्यामुळे बोलणाऱ्याला सतत डोळ्यांत बघावं लागत नाही. दाराच्या काचेला खालून पाऊण भाग खाकी कागद लावलाय. आत कुणीतरी आहे एवढं दिसतं, कोण ते दिसत नाही. बाहेरून कडी नाही, आतून आहे. एवढा विचार केलेल्या खोलीची एक भिंत मात्र प्लायवूडची, आणि तीही छतापर्यंत गेलेली नाही. पलीकडे एनएसएसचं सामान. तिथे फावडी-घमेली मोजणाऱ्याला इकडचं सगळं ऐकू येतं. म्हणून सोबती पंखा पाचवर ठेवतात. जानेवारीतसुद्धा. वाऱ्यासाठी नाही, आवाजासाठी.

वेळ आधी दुपारी ३ ते ५ होती आणि पहिलं वर्षभर कक्ष जवळपास रिकामा होता. त्याचं उत्तर एसटी स्टँडवर मिळतं. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडची पोरं पासवर येतात आणि अडीचच्या आत कॉलेज सोडतात. पुढची गाडी चुकली की घरी पोचायला रात्र. आता मंगळवारी आणि गुरुवारी ११ ते १, आणि वसतिगृहात रोज रात्री ८ ते ९. बदल एवढाच, पण गर्दी त्यानंतर आली. आणखी एक बारीक पण मोलाची गोष्ट म्हणजे सोबत्यांपैकी दोघांना कन्नड येतं. जत भागातल्या कित्येक घरांत बोलणं कन्नडमध्ये चालतं. पोरगं वर्गात मराठीत उत्तरं देतं, पण रडू येतं ते घरच्या भाषेत.

सोबती एकूण चौदा. निवड अर्ज आणि मुलाखतीवरून, गुणांवरून नाही, हे चांगलं. प्रशिक्षण पाच शनिवार, रोज सहा तास, म्हणजे ३० तास. त्यातला तिसरा शनिवार आम्ही पाहिला. प्रशिक्षक मॅडम स्वतः विद्यार्थी होऊन खुर्चीत बसल्या, समोर वाणिज्य शाखेचा एक सोबती.

"वडिलांनी बागेवर कर्ज काढून फी भरली. माझे दोन विषय राहिलेत. घरी सांगितलंच नाही."

"अरे, होतं असं. माझापण एक राहिला होता. मन लावून अभ्यास कर, निघतील."

मॅडमनी हात वर केला. "तीन वाक्यांत तीन कामं केलीस बघ. त्याचं दुखणं लहान केलंस, स्वतःचं पुढं आणलंस आणि सल्ला देऊन मोकळा झालास. त्यानं काय काय सांगितलं होतं?"

"विषय राहिले."

"आणि?"

बराच वेळ गेला. "घरी सांगितलं नाही."

"मग जड काय झालंय त्याला? विषय की न सांगणं?"

दुसऱ्या खेपेला पोरगा म्हणाला, "घरी सांगितलं नाहीस म्हणतोस. किती दिवस झाले, हे एकट्यानं वागवतोयस?" आणि गप्प बसला. मॅडमही गप्प. खुर्चीखाली त्याची बोटं एक-एक करून मिटत होती. दहा मोजेपर्यंत तोंड उघडायचं नाही, असं सकाळी शिकवलं होतं. सातवर मॅडम बोलू लागल्या. आम्ही पाहिलेल्या प्रशिक्षणांत हा अर्धा तास फार वरचा आहे.

एका शब्दाबद्दल मात्र हुज्जत घालायला हवी. कक्षाच्या पाटीवर 'समवयस्क आधार' असं लिहिलंय. मानसिक आरोग्याच्या चळवळीत हा आधार वयाच्या बरोबरीतून आला नाही. जे स्वतः आजारातून, औषधांतून, वॉर्डातून गेले त्यांनी एकमेकांना दिलेला हात, ही त्याची मुळं. समवयस्कापेक्षा समदुःखी म्हणा. जागतिक आरोग्य संघटनेच्या क्वालिटीराइट्स या मानसिक आरोग्यातल्या हक्कांसाठीच्या उपक्रमातही या आधाराचा अर्थ अनुभवी माणसांनी अनुभवी माणसांना दिलेला आधार असाच आहे. गावपातळीवरच्या साध्या माणसांना तयार करण्याची वाट वेगळी. महाराष्ट्रात नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात 'आत्मीयता' प्रकल्पानं ती चालून दाखवली. दोन्ही वाटा चांगल्या, पण त्या एक नव्हेत. या कक्षात दोन्हींची सरमिसळ झाली आहे. चौदांपैकी स्वतः उपचार घेतलेले किती, हे कॉलेजनं विचारलं नाही, ते बरोबरच. मात्र ज्यांना आपणहून सांगायचंय आणि तसंच काम करायचंय, त्यांच्यासाठी वेगळा गटही केलेला नाही. औषध चालू असलेल्या पोराला 'तुझं वजन वाढलं का रे? माझं वाढलं होतं' असं म्हणणारा कुणीतरी हवा असतो. ते काम ३० तासांच्या प्रशिक्षणानं येत नाही.

आता नोंदवही. लांब, लाल पुठ्ठ्याची, हजेरीपटासारखी. रकाने असे: अनुक्रमांक, दिनांक, नाव, वर्ग, हजेरी क्रमांक, समस्येचे स्वरूप, केलेली कार्यवाही, विद्यार्थ्याची सही. वही स्टीलच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली कक्षाच्या समन्वयक सरांच्या जुडग्यात. सर माणूस म्हणून चांगले आहेत. पण तेच अंतर्गत गुण देतात आणि तेच शिस्तपालन समितीवर आहेत. रात्री वसतिगृहात कोण पितं हे सोबत्यापाशी बोललेलं पोरगं सकाळी त्यांच्यासमोर तोंडी परीक्षेला उभं राहतं. सरांनी वही कधीच उघडली नसेल. पण त्यांना ती उघडता येते, हे त्या पोराला ठाऊक असतं. आणि पोरांचा हिशेब साधा असतो: ज्याच्या नोंदी सरांकडे जातात तो सोबती नव्हे, खबरी.

नोंदवही अशी का झाली, तेही सांगायला हवं. नॅकसाठी, म्हणजे कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या परिषदेसाठी. तिच्या पाचव्या निकषात विद्यार्थ्यांना दिलेला आधार दाखवावा लागतो, आणि दाखवावा लागतो म्हणजे कागद लागतो, सही लागते, जिओटॅग केलेला फोटो लागतो. तसा एक फोटो फाइलमध्ये आहे: खुर्चीत बसलेली मुलगी, चेहरा स्पष्ट, खाली अक्षांश-रेखांश आणि 'समुपदेशन सुरू असताना' अशी ओळ. ती खरी विद्यार्थिनी नव्हे, सोबत्यांपैकीच एक आहे असा खुलासा झाला. मग तर गंमतच: खोट्या सत्राचा फोटो आणि तिच्या गावात मात्र 'हिला काहीतरी झालंय' हे खरं.

इथे कायदा नेमका काय म्हणतो ते पाहिलेलं बरं, कारण भाषणांत त्याचा फार ढिला उल्लेख होतो. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. कलम २३ गोपनीयतेचा हक्क देतं आणि ती पाळायचं बंधन उपचार देणाऱ्या आरोग्य व्यावसायिकांवर टाकतं. विद्यार्थी-सोबती हा आरोग्य व्यावसायिक नाही. म्हणजे सोबत्याला बांधणारी गोष्ट कायद्यातून आपोआप येत नाही, ती कॉलेजनं लेखी तयार करावी लागते. या कक्षात सोबत्यांनी शपथ घेतली आहे, दीप प्रज्वलित करून. करारनामा नाही. गुपित फुटलं तर काय, कुणाकडे तक्रार, याचा एक कागदही नाही.

वही कशी हवी? नॅकला पुरेल अशी गोळाबेरीज वही वेगळी: तारीख, पहिल्यांदा की परत, किती मिनिटं, पुढे पाठवलं की नाही. बस. सोबत्यानं दुसरं काहीही लिहायचं नाही. समुपदेशकाच्या टिपणांसाठी वेगळं कुलूप आणि त्याची किल्ली समुपदेशकाकडेच. नावाऐवजी संकेतांक घालायची युक्ती बरेच जण सुचवतात, पण तिच्यात एक खड्डा आहे. 'तृ. व., संख्याशास्त्र, मुलगी' असं लिहिलं आणि त्या वर्गात मुली तीनच असल्या, तर नाव लिहायचं राहिलं काय? लहान वर्ग असेल तिथे वर्गाचा रकानाही काढून टाकावा.

संमतिपत्र एका पानाचं, मराठीत, मोठ्या टायपात. चांगलं आहे, तिसरी ओळ सोडून: 'आवश्यक वाटल्यास महाविद्यालय पालकांना कळवू शकेल.' आवश्यक कुणाला वाटल्यास? या एका ओळीमुळे वरची वाक्यं फुकट जातात. परजातीतलं प्रेम, लिंगभाव, नापास होणं, घरातली मारहाण, यातलं काय 'आवश्यक' ठरेल हे सही करणाऱ्याला कळायला मार्ग नाही. अपवाद मोजून लिहावेत: जिवाला तात्काळ धोका, दुसऱ्याच्या जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश, आणि १८ वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार. शेवटचा अपवाद या कॉलेजला फार लागू होतो, कारण आवारात अकरावी-बारावीही आहे. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार असं कळलं की विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे. सोबत्याला हे माहीत हवं, आणि समोरच्या सोळा वर्षांच्या पोरीनं बोलायला सुरुवात करण्याआधी तिलाही माहीत हवं. सगळं ऐकून घेतल्यावर 'आता मला सांगावं लागेल' म्हणणं हा विश्वासघातच. आम्ही पाच सोबत्यांना विचारलं, पॉक्सोचं बंधन दोघांना ठाऊक होतं.

सर्वांत वाईट प्रकार गूगल फॉर्मचा. जुलैत प्रथम वर्षाला 'वेलनेस सर्वेक्षण' म्हणून एक फॉर्म गेला. आत पीएचक्यू-९ ही नैराश्याच्या लक्षणांची प्रश्नावली जशीच्या तशी: नऊ प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला ० ते ३, एकूण २७. प्रश्नावली चांगली आहे. १० किंवा अधिक गुण आले तर नीट तपासणी करावी एवढाच तिचा अर्थ. नैराश्य आहे असं ती ठरवत नाही. इथे काय झालं? फॉर्ममध्ये ईमेल गोळा करण्याचा पर्याय चालू राहिला आणि कॉलेजनं दिलेल्या ईमेलात हजेरी क्रमांक असतो. वर फॉर्मच्या पहिल्या ओळीत 'माहिती निनावी राहील' हे आहेच. उत्तरांचं शीट सगळ्या वर्गशिक्षकांना उघडं. एका वर्गात सरांनी नावं वाचून दाखवली: एवढ्या जणांनी मित्रकक्षात जाऊन या. त्यानंतर त्या वर्गातून कुणी फिरकलं नाही.

आणि त्याहून गंभीर गोष्ट तारखांची. फॉर्म शुक्रवारी संध्याकाळी गेला, शीट मंगळवारी उघडलं. पीएचक्यू-९ मधला नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो. कुणी त्याला 'जवळजवळ रोज' असं उत्तर दिलं असेल, तर ते चार दिवस कुणी वाचलंच नाही. प्रश्न विचारला की उत्तराची जबाबदारी आली. त्याच दिवशी वाचायला आणि फोन करायला माणूस नसेल तर हा फॉर्म पाठवूच नये. पाठवायचाच तर मोजक्या गटाला, सोमवारी सकाळी, समुपदेशकाच्याच खात्यातून. आणि उत्तर दिल्यावर जो आभाराचा संदेश दिसतो, त्यात 'धन्यवाद' ऐवजी १४४१६ टाकावा.

हा टेली मानसचा क्रमांक. सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, २४ तास चालते, फुकट आहे, मराठी आणि कन्नड दोन्हींत बोलता येतं. दुसरा क्रमांक १८००-८९१-४४१६. कक्षाच्या भिंतीवर तीन क्रमांकांचं पोस्टर आहे, आम्ही तिन्ही फिरवून पाहिले, एक बंद होता. पोस्टर छापण्याआधी क्रमांक फिरवून पाहणं दोन मिनिटांचं काम. दर सत्राच्या सुरुवातीला पुन्हा एकदा.

तातडीच्या वेळेचं कार्ड मात्र उत्तम जमलंय. खिशात मावेल एवढं, लॅमिनेट केलेलं. सोबत्याला त्यावर सूचना अशा. सरळ विचार: 'जीव द्यायचे विचार येतात का?' विचारल्यानं विचार वाढत नाही. एकटं सोडू नको, पण कोंडूनही ठेवू नको. समुपदेशक मॅडमना फोन, नाही लागला तर १४४१६, जीव धोक्यात असेल तर १०८. सिव्हिलला जाताना सोबत कोण हवं हे त्यालाच विचार. शिपाई किंवा सुरक्षारक्षक नको. सिव्हिलचा केसपेपर कुठे काढायचा आणि मानसोपचार ओपीडीला कुठल्या बाजूनं जायचं, याचा हातानं काढलेला नकाशा मागच्या बाजूला. ज्यानं तो काढला त्याला आमच्यातर्फे चहा. उणीव एक: रात्री ९ नंतर मॅडमचा फोन बंद आणि मग साखळीत थेट रेक्टर.

रेक्टरच्या टेबलाच्या खणात दुसराच कागद आहे, आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या पोराकडून घ्यायचं हमीपत्र. 'यापुढे असे कृत्य करणार नाही, केल्यास सर्वस्वी मी जबाबदार', खाली विद्यार्थी आणि पालकांच्या सह्या. मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाचं कलम ११५ सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरायचं, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, आणि तिच्यावर खटला चालवायचा नाही. अशा प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं भारतीय दंड संहितेतलं ३०९ कलम भारतीय न्याय संहितेत त्या रूपात आलंच नाही. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. सरकारनं गुन्हा काढून टाकला आणि वसतिगृहानं तो हमीपत्रात जपून ठेवला. दवाखान्यातून परत येताना 'फिटनेस'चं प्रमाणपत्र आणा, तोवर कॉट दुसऱ्याला, हाही नियम तिथलाच. कावीळ झालेल्या पोराकडून जेवढं मागता तेवढंच याच्याकडून मागा.

एक गोष्ट कक्षाला सहज करता येण्याजोगी आहे आणि ती कुणाच्या डोक्यात आलेली दिसत नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे १८ पूर्ण झालेल्या कुणालाही आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो. स्टॅम्पपेपर नको, वकील नको. साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा. उद्या दवाखान्यात दाखल व्हायची वेळ आली तर आपल्या बाजूनं कोण उभं राहील, हे आज ठरवायचं. तो काका असेल, मोठी बहीण असेल, खोलीतला सज्ञान मित्रही असेल. बापाशी बोलणं तुटलेल्या पोरासाठी या कागदाची किंमत मोठी. नमुन्याच्या पन्नास प्रती काढायला झेरॉक्सच्या दुकानात किती पैसे लागतील?

सोबत्यांची काळजी बऱ्यापैकी घेतली जाते. आठवड्याला तीनपेक्षा जास्त बैठका नाहीत, स्वतःच्या वर्गातलं कुणी घ्यायचं नाही, 'आज मला जमणार नाही' म्हणायची मुभा आहे, आणि दर दुसऱ्या शनिवारी दीड तास मॅडमबरोबर नावं न घेता चर्चा. मोबदला शून्य. कर्मवीरांच्या मुलखात 'कमवा आणि शिका' योजनेतून ग्रंथालयात पुस्तकं पुसणाऱ्याला तासाचे पैसे मिळतात, आणि दोन तास दुसऱ्याचं रडणं ऐकणाऱ्याला प्रमाणपत्र. सोबत्यांचे तासही योजनेत धरावेत. बिलावर 'कक्षातील काम, २ तास' एवढंच लिहायचं. कोण आलं होतं याचा तपशील तिथेही नको.

आणि या सगळ्याच्या वर, समुपदेशक मॅडम एकच, तासिका तत्त्वावर, आठवड्यातून दोन दिवस. सर्वोच्च न्यायालयानं २५ जुलै २०२५ च्या निकालात १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायला सांगितलं, हेल्पलाइनचे क्रमांक वसतिगृहात आणि वर्गांत ठळक लावायला सांगितले, कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यायला सांगितलं. कॉलेजच्या लेखी एक नेमणूक आहे, झालं. पट २,००० च्या पुढे. उरलेले चार दिवस चौदा पोरं कॉलेजची जबाबदारी वागवतात.

तारे द्यायचेच तर ऐकून घेण्याला पाचपैकी साडेचार, खोलीला तीन, कागदपत्रांना एक.

जूनपासून कपाटाची किल्ली मॅडमकडे देऊ, असं आम्हाला सांगण्यात आलं. तासिका तत्त्वावरच्या व्यक्तीकडे कॉलेजच्या कपाटाची किल्ली देता येत नाही, अशी हरकत कार्यालयानं काढली आहे. तोवर जायचं असेल तर जा. नोंदवहीत नाव घालायचं नाही म्हणालात तर सोबती अडवत नाहीत, पेन खाली ठेवतात.